सूर्यफुलाला दिलेला स्फुरद पिकाच्या कामी किती येतो?

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या शहादा, तळोदा व नंदुरबार तालुक्यांतील शेतकरी मिरची, ऊस, केळी आणि पपई या पिकांना भरपूर खत देतात. महाराष्ट्रात सूर्यफुलाचे क्षेत्र १९९० च्या दशकानंतर बरेच घटले असले, तरी रब्बी व उन्हाळी हंगामात थोड्या दिवसांत येणारे फेरपालटाचे पीक म्हणून त्याचे महत्त्व आहे. मात्र या पिकालाही बागायती पिकांच्या सवयीने खत टाकले जाते. एकरी डीएपीची एक गोणी हे जणू ठरलेलेच माप झाले आहे.

हे माप तपासून पाहू. ५० किलोच्या गोणीत ४६ टक्के म्हणजे २३ किलो स्फुरद असते. बागायती सूर्यफुलाची शिफारस हेक्टरी ६० किलो नत्र, ३० किलो स्फुरद व ३० किलो पालाश अशी आहे. म्हणजे एकरी स्फुरद फक्त १२ किलो. एका गोणीत जवळजवळ दुप्पट स्फुरद जातो.

जास्त दिल्याने पीक जास्त घेते असे नाही. दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात साधारणपणे १५ ते २० टक्केच पिकाला मिळतो. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत विद्राव्य स्फुरदाचा चुन्याशी संयोग होऊन तो अविद्राव्य बनतो. तो वाया गेला असे म्हणता येत नाही, कारण पुढील पिकांना त्यातील काही भाग हळूहळू मिळतो. म्हणूनच केळी, पपई किंवा मिरचीनंतर सूर्यफूल घेताना आधी माती तपासावी. उपलब्ध स्फुरद कमी असल्यास शिफारशीच्या सव्वापट मात्रा द्यावी, भरपूर असल्यास पाव भाग कमी करावी. अति स्फुरदामुळे जस्ताची कमतरता उद्भवते, हेही ध्यानात ठेवावे.

स्फुरदाची खरी बचत खत देण्याच्या पद्धतीत आहे. नत्र पाण्याबरोबर मुळांकडे जाते. स्फुरद मात्र जेथे पडला तेथून फारसा हलत नाही. फोकून दिलेला स्फुरद वरच्या कोरड्या थरात पडून राहतो आणि मातीच्या अधिक कणांशी संपर्क आल्याने लवकर बांधला जातो. दोन चाड्यांच्या पाभरीने तो पेरणीच्या वेळीच बियांच्या खाली व थोडा बाजूला, ओलीत पडेल असा द्यावा. बियांना खत चिकटू देऊ नये. पीक महिन्याचे झाल्यावर वरून दिलेल्या स्फुरदाचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्याची खरी गरज मुळे वाढत असताना असते.

खत कोणते द्यावे? माझ्या मते सूर्यफुलासाठी सिंगल सुपर फॉस्फेट सरस. एकरी ७५ किलो, म्हणजे दीड गोणीतून, १२ किलो स्फुरद मिळतो आणि सोबत सुमारे ८ किलो गंधकही मिळते. तेलबियांना गंधक लागते व डीएपीत ते नसते. मात्र सुपर फॉस्फेटमध्ये नत्र नाही. त्यासाठी पेरणीच्या वेळी एकरी २६ किलो युरिया व महिन्याच्या आत तेवढाच पुन्हा द्यावा. पालाशसाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश पुरते.

स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची बीजप्रक्रिया किलोमागे २५ ग्रॅम याप्रमाणे करावी. बुरशीनाशक आधी, जिवाणू नंतर. हे जिवाणू नवा स्फुरद तयार करीत नाहीत, बांधला गेलेला थोडाफार मोकळा करतात. शेणखत असेल तर त्यांचे काम चांगले चालते.

आपल्या शेतातील हिशेब आपणच काढता येतो. शेताच्या मध्यभागी सारख्या जमिनीत तीन पट्टे आखावेत: एक बिनस्फुरदाचा, एक शिफारशीचा, एक दुप्पट मात्रेचा. नत्र व पालाश सर्वत्र सारखेच ठेवावे. समजा, हेक्टरी उत्पादन अनुक्रमे १२, १४ आणि साडेचौदा क्विंटल आले. पहिल्या ३० किलो स्फुरदाने २०० किलो बी वाढविले, म्हणजे किलोमागे सुमारे पावणेसात किलो. पुढच्या ३० किलोने केवळ ५० किलो वाढले, किलोमागे दोन किलोही नाही. तेवढ्या बियांची बाजारातील किंमत आणि एक किलो स्फुरदाचा खर्च शेजारी शेजारी लिहावा. सुपर फॉस्फेट वापरल्यास या वाढीत गंधकाचाही वाटा असतो. प्रत्येक पट्ट्याची कापणी व मळणी वेगळी करावी, कडेच्या ओळी सोडाव्यात आणि बी वाळल्यावरच वजन करावे.