परवानगी कुणाची?

नगर,
सोमवार, रात्री

प्रिय सोनू,


आधी रागावून घेते, मग बाकीचं लिहिते. पिंपरीच्या त्या संगतीला तू जातेस हे मला ठाऊक होतं. उपास-प्रार्थना करतेस, शास्त्र वाचतेस, याचा मला आनंदच होता. पण काल उपासना सुटल्यावर एका बाईंनी मला बाजूला घेतलं. तुझा पगार म्हणे आता तिथल्या ब्रदरांच्या हाती जातो. लग्नाची बोलणी त्यांच्या सांगण्यावरून थांबवलीस आणि दवाखान्यातली नोकरी सोडून त्यांच्याकडे ‘सेवेला’ राहायला जाणार आहेस. आपल्या मंडळीत राईचा पर्वत करणारे थोडे नाहीत, म्हणून मी तडक वहिनीकडे गेले. ती आधी काही बोलेना. चहा ठेवला, पेला पुढे सरकवला, आणि मग म्हणाली, “नाताळनंतर आली नाही ती. ईस्टरला ये म्हटलं, तर म्हणते, आई, मला परवानगी नाही.”

सोनू, आईला भेटायला परवानगी? आणि ती द्यायला हा माणूस कोण?

वहिनीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी होते, शेजारीण होती. तू परक्यांच्या आयांचे डोळे धुतेस, पट्ट्या बांधतेस. इथे ड्रॉप्स दिवसातून चार वेळा घालायचे. वहिनीचा हात थरथरतो, थेंब गालावर पडतो, ती पुन्हा डोकं मागे टाकून बाटली धरते. मी पोहोचले तेव्हा दुपारचे ड्रॉप्स राहिलेले होते. तिने तुझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. उलट मलाच समजावत होती, की पोरगी देवाच्या कामात आहे.

तू तिला फोनवर शमुवेलाचं पहिलं पुस्तक वाचून दाखवलंस म्हणे, पंधरावा अध्याय, बाविसावं वचन. होमबलीपेक्षा आज्ञापालनाला वर ठेवणारं ते वचन मलाही पाठ आहे. पण ब्रदरांनी तुला बाविसाव्या वचनावर थांबवलं, चोविसाव्यापर्यंत जाऊ दिलं नाही. देवाची आज्ञा मोडून शौलाने अमालेक्यांची चांगली गुरंमेंढरं राखून ठेवली आणि शमुवेलाने त्याला जाब विचारला. चोविसाव्या वचनात शौल स्वतःच्या तोंडाने कबूल करतो, की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. म्हणजे त्याचं पाप काय ठरलं? माणसांच्या भीतीने त्यांच्या म्हणण्यापुढे मान तुकवली, हेच ना? आज तेच वचन पुढे करून एक माणूस तुझी मान आपल्यापुढे तुकवून घेतो आहे. हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही? दादाच्या मुलीच्या?

आता राजांच्या पहिल्या पुस्तकाचा तेरावा अध्याय काढ. पत्र बाजूला ठेव आणि आधी तो वाच. यहूदातून आलेला तो देवाचा माणूस बेथेलला यराबाम राजासमोर उभा राहतो. देवाने त्याला सांगितलेलं असतं, तिथे अन्नपाणी घ्यायचं नाही, गेलास त्या वाटेने परतायचं नाही. राजा जेवायला बोलावतो, बक्षीस देऊ करतो. हा राजाला नाही म्हणतो आणि दुसऱ्या वाटेने निघतो. वाटेत झाडाखाली बसला असताना गाढवावर बसून एक म्हातारा येतो. तो म्हणतो, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलं की तुला माझ्या घरी जेवायला न्यावं. शास्त्र तिथे स्पष्ट सांगतं, की म्हातारा खोटं बोलला. राजाला न भ्यालेला माणूस या म्हाताऱ्यामागे मुकाट जातो आणि जेवतो. परतताना वाटेत त्याला सिंह गाठतो. प्रेत रस्त्यावर पडलेलं, एका बाजूला गाढव, एका बाजूला सिंह. सिंह प्रेत खात नाही की गाढवाला शिवत नाही. आणि तो म्हातारा? तोच येऊन प्रेत उचलतो, आपल्या थडग्यात पुरतो आणि त्याच्यासाठी शोक करतो.

हा अध्याय मी वाचते तेव्हा तो म्हातारा मला सिंहापेक्षा जास्त भिववतो. तो देवाचं नाव घेतो, वयाने मोठा आहे, कदाचित प्रेमळही असेल. आणि त्या तरुणाला देवाने जे स्वतः सांगितलं होतं ते याच्या एका वाक्याने पुसलं जातं. तुला देवाने काय सांगितलं आहे, सोनू? आईबापाचा मान राख, हे दहा आज्ञांत आहे. ते पुसून ‘आईकडे जाऊ नकोस’ असं सांगणारा कितीही अभिषिक्त असला तरी त्याच्या मागे जायचं नाही.

तू म्हणशील, आत्याला आज्ञापालनच नको आहे. तसं नाही. विश्वास ठेवला की झालं, मग कसंही वागलं तरी कृपा आहेच, असं म्हणणारे मी जन्मभर पाहिले. रविवारी ‘उपासना-संगीत’ हातात आणि सोमवारी सावकारी. त्यांच्यासाठीच याकोबाने पत्राचा दुसरा अध्याय लिहिला असावा, असं मला वाटायचं. पौल तर रोमकरांच्या पत्रात अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी विश्वासातून निघणारं आज्ञापालन ठेवतो. मधले सगळे अध्याय कृपेचे, विश्वासाने नीतिमान ठरण्याचे, आणि दोन्ही टोकांना हे. मला त्याचा अर्थ असा कळतो, की जो मला ओळखतो आणि माझ्यावर जीव टाकतो त्याचं मी ऐकते. आधी ओळख, मग ऐकणं. अब्राहाम कुठे जायचं ते न कळता निघाला, पण बोलावणारा कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ब्रदर तुला अब्राहामाचं उदाहरण देत असतील तर त्यांना विचार, अब्राहाम आणि देव यांच्या मध्ये परवानगी द्यायला कोण बसलं होतं?

आणि विचारणं म्हणजे बंड, असं तुला शिकवलं असेल तर तेही खोटं आहे. हे कसं होईल, असं मरीयेने देवदूताला विचारलं आणि मग होकार दिला. बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्राशी ताडून पाहिलं. प्रेषितांची कृत्ये, सतरावा अध्याय. लूक त्यांना थोर मनाचे म्हणतो.

मी कधी तुला सांगितलं नाही ते आज सांगते. मी बोर्डिंगात होते तेव्हा चांगल्या वागणुकीचं बक्षीस दर वर्षी मला मिळायचं. पहाटेच्या घंटेला पहिली उठणारी मी, प्रार्थनेला पहिली बसणारी मी. डोळे मिटून मी ऐकत काय असायचे, तर मॅट्रनबाईंच्या चपलांचा आवाज. त्या माझ्यापाशी थांबल्या का, पुढे गेल्या का? देवाशी मी त्या सगळ्या वर्षांत बोलले की नाही, मला आठवत नाही. पुढे मला मिरजेला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म आणला होता, दादाने भरूनही दिला होता. मंडळीतले एक वडीलजन घरी आले, प्रार्थना केली आणि म्हणाले, देवाची इच्छा दिसत नाही. मी फॉर्म पेटीत ठेवला. मला देवाने काही सांगितलं नव्हतं, मी देवाला विचारलंही नव्हतं. शाळेत शिकवण्यात माझं आयुष्य वाईट गेलं नाही, पोरींनी भरभरून माया दिली. पण तू नर्सिंगला निघालीस तेव्हा तुझी बॅग मी हट्टाने भरली होती, ती का, हे तुला तेव्हा कळणं शक्य नव्हतं. आता ती नोकरी तू एका माणसाच्या शब्दावर सोडणार?

पंडिता रमाबाई तुला धड्यातून ठाऊक आहे. तिची पत्रं तू वाचलेली नाहीस. साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ती इंग्रजीत छापली, आपल्या घरची प्रत दादाच्या कपाटात आहे. आईबाप दुष्काळात गेले, नवरा लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत गेला, आणि ही लहानग्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेली. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन तिच्या धर्ममाता. त्यांचं रमाबाईवर खरं प्रेम होतं, पत्रांत ते दिसतं. पण चर्च सांगेल ते तिने नम्रपणे मानावं, ही त्यांची अपेक्षा. १८८५ साली रमाबाई त्यांना कळवते, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता दुसऱ्यांचा शब्द परमेश्वराची आज्ञा समजून तसलंच जोखड पुन्हा घेणार नाही. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, आज तू आहेस तेवढी. ज्यांच्या आश्रयाला राहायचं त्यांनाच असं लिहायचं, याला काय छाती लागत असेल!

आणि ही आज्ञा न पाळणारी बाई पुढे काय करते बघ. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन येते, केडगावच्या माळावर विहिरी खणून त्यांना वसवते. हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणते. ते बाहेर पडलं १९२४ ला, ती गेल्यावर दोन वर्षांनी. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी तिला उमगलं, की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त आत्ता भेटला. हे तिने स्वतःच लिहून ठेवलं आहे. ती आठ वर्षं कुणाला हुकूम सोडून कमी करता आली नसती. रेव्हरंड टिळकांच्या घरातही तेच. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं त्या माउलीने काय सोसलं ते ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि त्याबद्दल टिळकांवर मी आजही रागावते. पण नवऱ्याची आज्ञा म्हणून तिने बाप्तिस्मा घेतला नाही, तिचं मन वळलं तेव्हाच घेतला.

पुन्हा तुझ्या आईपाशीच येते, माझं मन तिथून हलतच नाही. मार्कचा सातवा अध्याय. परूश्यांनी एक सोय काढली होती: आईबापाला द्यायचं ते देवाला अर्पण केलं असं म्हटलं, की मुलगा मोकळा. येशू त्यांच्यावर किती कडक बोलतो पाहा. अर्पणाच्या नावाखाली देवाचीच आज्ञा रद्द करता, असं तो त्यांना तोंडावर सुनावतो. आणि वधस्तंभावर, श्वास जड झालेला असताना, आईला शिष्याच्या हवाली करतो. जगाचं तारण चालू होतं, सोनू, आणि त्याला आईची आठवण होती. त्याच्या नावाने तुला आईपासून कोण तोडतं?

खूप बोलले. आता वाटतं, तू हे वाचून रडशील. रडू नकोस. तू तिकडे का गेलीस ते मला अगदीच कळत नाही असं नाही. दादा गेल्यावर आम्ही सगळे दफनविधी, फुलं, भेटायला येणारे यातच गुंतलो. तू रात्रपाळी संपवून रिकाम्या खोलीवर जायचीस. तिथे कुणीतरी तुझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तुझं नाव घेतलं. आमच्यापैकी तुझ्याकडे येऊन राहिलं कोण? आत्या म्हणून मी यायला हवं होतं.

संगती आजच्या आज सोड, असं मी म्हणत नाही. तिथल्या मुली तुझ्या मैत्रिणी आहेत, त्यांच्यातल्या कुणाचा विश्वास तुझ्या-माझ्याहून खोल असेल. पैशाचं काय झालं तेही मी विचारणार नाही, गेले तर गेले. ब्रदरांशी भांडायचीही गरज नाही. फक्त परवानगी न मागता घरी ये. ते खरे सेवक असतील तर आईकडे गेलेल्या मुलीवर रागावणार नाहीत. रागावले, तर तुझं उत्तर तुला मिळेल, मी सांगायची गरज उरणार नाही. त्या मुलाबद्दलही मी मत देत नाही. लग्न करायचं की नाही ते तू ठरव, देवापुढे गुडघे टेकून आणि स्वतःच्या अकलेने. अक्कलही त्यानेच दिली आहे.

शनिवारी ड्युटी संपली की निघ. गाडीने दौंडमार्गे आलीस तर गर्दी कमी असते. पोहोचायला उशीर झाला तर रिक्षाला एकटी बसू नकोस, मी स्टेशनवर येईन. वहिनीला मी काही सांगितलेलं नाही, नाही तर ती आजपासूनच दाराशी बसेल. डाळ वाटून ठेवते, तुझ्या आवडीचे वडे करू. आणि शनिवारी जमलं नाही, मन तयार झालं नाही, तरी चालेल. मग मला फोन कर, पहाटे तीनला केलास तरी मी उचलेन. काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसती धरून बस. मी इकडे जागी आहे.

तुझी,
आत्या