काटा पडला, पण गॅस गेला का?

सर, घाबरू नका, लेख गॅसवर आहे! अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी बिअर बनवायला परवानगी मिळाली. माझा मामेभाऊ तिथे तळघरात बनवतो आणि केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या पिंपात, भरतो. परवा त्याचा फोन, "अगं, सिलेंडर लीक आहे! फ्रिजमध्ये ठेवला तर काटा ८०० वरून ५५० वर!"

काटा पडला म्हणजे लीकच, असं नाही. सिलेंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. द्रव शिल्लक आहे तोवर प्रेशर ठरतं फक्त तापमानावर: २० अंश सेल्सिअसला सुमारे ८०० पीएसआय, ४ अंशांना ५५०. गॅस किती उरला ते वजन करूनच कळतं.

उन्हातल्या गाडीत भरलेला सिलेंडर मात्र कधीच ठेवू नये. ३१ अंशांपुढे द्रव असा राहतच नाही, प्रेशर झपाट्याने चढतं.

केगला लागतात जेमतेम १२ पीएसआय, तो सोसतो साधारण १३०. मधे रेग्युलेटर हवाच, आणि सिलेंडर उभाच. आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

तरी म्हटलं, जोडांना साबणाचं पाणी लावून बघ, आपण घरच्या गॅसला लावतो तसं. एका जोडावर बुडबुडे आलेच! बिनवासाचा, हवेहून जड गॅस आणि बंद तळघर... आता तिथे अलार्म आहे.