आधी माप, मग सही

"नवीन मशीन कारखान्यातूनच सेट होऊन येतं," हे वाक्य डीलरच्या तोंडून ऐकलंत तर तिथेच थांबवा. नायगाव पूर्वेला आमच्या गाळ्यात कॅबिनेट टेबल सॉ उतरवला, तेव्हा डीलरचा माणूस जेवायच्या सुट्टीआधी निघायच्या तयारीत होता. त्याने पेटी फोडली, थ्री फेजची केबल जोडली, ब्लेड चढवलं, बटण दाबलं, मशीन फिरलं, संपलं. लगेच कागद पुढे. "शेठ, इथे सही करा." मी म्हटलं, आधी माल कापून बघतो. तो तोंड वाकडं करून गेला.

18 एमएम प्लायची पहिलीच पट्टी काढली तर एका कडेला जळल्याची काळी रेघ. नव्या ब्लेडचे मागचे दात कापलेल्या कडेला पुन्हा घासत होते. मग सागाची फळी लावली. मधेच आवाज बदलला आणि फळी झटक्यात मागे फेकली गेली. मी ब्लेडच्या रेषेत उभा राहत नाही, म्हणून पोट वाचलं.

डीलरला फोन लावला. "प्लाय ओला असेल." त्याच गठ्ठ्यातला प्लाय जुन्या मशीनवर स्वच्छ कापला जात होता. "मग व्होल्टेज बघा." मीटर लावला, तिन्ही फेजमध्ये चारशेच्या वर. "अहो, तुमच्याकडे खाडीची जमीन. फरशी खचली असणार." इथे माझं डोकं फिरलं. कोब्यावर पाणसळ ठेवून फोटो पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. पैसे घेताना हाच माणूस दिवसातून दोनदा फोन करायचा.

शेवटी मुंबईला नागदेवीत जाऊन मॅग्नेटिक स्टँडसकट डायल गेज आणलं. मेन स्विच बंद केला, ब्लेड पूर्ण वर घेतलं, एका दातावर मार्करने खूण केली. टेबलातल्या माइटर गेजच्या खाचेत घट्ट बसणारी पट्टी घेऊन तिच्यावर डायल बसवला. खुणेचा दात पुढे आणून काटा शून्यावर केला. मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागच्या टोकाला आणला आणि डायल तिथे सरकवला. दात तोच ठेवायचा, म्हणजे ब्लेडमध्ये थोडा बाक असला तरी तो मापात येत नाही. काटा सरकत सरकत गेला तो 0.6 मिलिमीटरवर थांबला. हा फरक 0.1 च्या आत हवा, 0.05 मिळाला तर उत्तमच. मी त्या काट्याकडे बघत राहिलो. प्लाय, वीज, जमीन, सगळ्यांवर खापर फोडून झालं होतं आणि दोष त्यांनीच बसवलेल्या टेबलात होता.

कॅबिनेट सॉमध्ये हा दोष काढणं सोपं आहे, म्हणून तर जास्त चीड येते. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीचा युनिसॉ 1939 साली आला, तेव्हापासून या जातीच्या मशीनची रचना साधारण तीच आहे. ब्लेड आणि आर्बर धरणारं बिडाचं ट्रनियन खालच्या पेटीला बोल्टने पक्कं असतं आणि टेबल वेगळ्या बोल्टवर बसतं. ब्लेडला हात लावायचा नाही, टेबल सरकवायचं. एक बोल्ट सोडून बाकीचे ढिले करा, लाकडी ठोकळा मधे धरून हलके ठोके द्या, मोजा. बोल्ट कसल्यावर पुन्हा मोजा, कसताना टेबल हमखास हलतं. मग ब्लेड 45 अंशांवर झुकवून तेच माप घ्या. 90 ला बरोबर आणि 45 ला चूक येत असेल, तर टेबलाच्या पुढच्या किंवा मागच्या बोल्टखाली पत्र्याची शिम लागते. डीलरच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं की करायचं नव्हतं, देव जाणे.

फेन्स खाचेला समांतर हवा. मागच्या टोकाला केसभर उघडा चालेल, ब्लेडकडे वळलेला मुळीच चालणार नाही. काटकोन बघताना गुण्या ब्लेडच्या सपाट भागाला लावा, दातांना टेकू देऊ नका. रिव्हिंग नाइफ, म्हणजे ब्लेडमागची ती पोलादी पट्टी, ब्लेडच्या पात्यापेक्षा जाड आणि कापाच्या रुंदीपेक्षा पातळ लागते, आणि ब्लेडच्या सरळ रेषेत. कापलेली फळी मागून ब्लेडला चिमटू नये म्हणून ती असते. आमची पट्टी तो माणूस पेटीतल्या पिशवीतच ठेवून गेला होता! याबद्दल मी त्याला कधी माफ करणार नाही.

मोटरची दिशा ब्लेड न लावता तपासा. उलटी फिरली तर कोणत्याही दोन फेज अदलाबदल करायच्या. गॉगल वापरा, सैल बाह्या नकोत, हे सांगायला नको.

मी मापं लिहून, फोटो जोडून रजिस्टर पोस्टाने पत्र धाडलं आणि राहिलेला हप्ता रोखल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं. तेव्हा दुसरा माणूस आला, स्वतःचं डायल गेज घेऊन. अर्ध्या दिवसात मशीन सरळ झालं. रिपोर्टवर मात्र त्याने लिहिलं, "ग्राहकाच्या समाधानासाठी किरकोळ ॲडजस्टमेंट." मी ते खोडायला लावलं आणि आधीचं व नंतरचं, दोन्ही मापं लिहून घेतली. तुम्ही ही मापाची अट कोटेशनमध्येच लिहून घ्या, समांतरपणाचा आकडा टाकून. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला मशीन घेतलं असेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही ग्राहक ठरता. "धंद्याचं मशीन आहे, तुम्हाला ग्राहक कायदा लागू नाही" असं कोणी दरडावलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

आणि आपल्याकडच्यांसाठी खास. खाडी आणि मिठागरांच्या हवेत बिडाचं टेबल बघता बघता गंजतं. कारखान्याचं ग्रीस टर्पेंटाइनने पुसलंत की त्याच दिवशी वॅक्स लावा. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. मोटरचे नवे पट्टे सुरुवातीला ताणले जातात, ते कसताना खाच आणि ब्लेडचं माप पुन्हा एकदा घेऊन ठेवा.