विमानात तिघे, गोष्ट मात्र फोनवर

मेल गिब्सन दिग्दर्शित 'फ्लाइट रिस्क' (2025) हा सिनेमा फसलाय, एवढंच सांगायला लेखाची गरज नाही. पण तो नेमका कुठे फसतो हे पाहिलं, तर बंदिस्त जागेत घडणाऱ्या कथानकाबद्दल बरंच कळतं. आपल्या मंडळात एकांकिका लिहिणारे बरेच आहेत, त्यांच्या हे कामी यावं.

गोष्ट साधी आहे. अलास्कातल्या एका आडबाजूच्या मोटेलमधून मॅडोलिन हॅरिस ही मार्शल विन्स्टन नावाच्या हिशेबनिसाला पकडते. त्याने मोरेट्टी या माफिया म्होरक्याचे हिशेब सांभाळलेले. आता तो माफीचा साक्षीदार होणार. त्याला अँकरेजला न्यायला एक छोटं विमान ठरतं. वैमानिक (मार्क वॉलबर्ग) बडबड्या, पण तो खरा वैमानिक नाहीच, मोरेट्टीचा मारेकरी आहे. मी रहस्य फोडलं असं कुणी म्हणू नये. ते ट्रेलरनेच आधी फोडून ठेवलंय.

आता पेच बघा. खाली बर्फाचे डोंगर, वर तिघंच जण. मारेकऱ्याला मारावं तर विमान कोण चालवणार? त्याला चालवू द्यावं तर तो नेईल तिथे मरण. ज्याच्यापासून जीव वाचवायचा, त्याच्याच हातात जीव! शत्रूवर प्रेम करा हे आम्ही लहानपणापासून चर्चमध्ये ऐकतो. पण शत्रूची गरज पडणं ही त्याहून विचित्र अवस्था आहे. तिच्यावर अख्खा सिनेमा उभा राहिला असता.

दिग्दर्शक मात्र ती हातची घालवतो. हॅरिस मारेकऱ्याला बेड्या घालून मागे टाकते आणि दूरवरून हसन नावाचा वैमानिक तिला विमान कसं चालवायचं ते शिकवायला लागतो, वर थोडं फ्लर्टही करतो. झालं! आता मारेकऱ्याची कुणालाच गरज उरत नाही. मग तो मागून घाणेरडं बोलतो, सुटतो, मारामारी करतो, पुन्हा आवरला जातो. पुढचे दोघं मागे वळून का बघत नाहीत, याचाच राग येतो. खात्यातला फितूर कोण हा शोधही हॅरिस बहुतेक फोनवरच घेते, म्हणजे महत्त्वाचं सगळं विमानाबाहेर.

फोन आला की बंदिस्तपणा संपतो, असं मात्र नाही. 'लॉक' (2013) मध्ये टॉम हार्डी रात्री एकटा गाडी चालवत लंडनकडे निघालाय आणि सिनेमाभर फोनवरच बोलतो. पण तिथे प्रत्येक कॉल त्याचं काहीतरी काढून घेतो, नोकरी, घर, बायको. फोन सुटका करत नाही, फास आवळतो. आपल्याकडे तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये तर फोनही नको. सुरुवातीला बेणारेच्या बोटाला लागलेली दाराची कडी आपण विसरून जातो. पुढे तिला बाहेर पडायचं असतं तेव्हा तेच दार बाहेरून बंद असतं. जागा नुसती लहान असून भागत नाही, तिने पात्राला धरून ठेवावं लागतं.

वाईट याचं वाटतं, की 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' (2004) अरामी, हिब्रू आणि लॅटिनमध्ये करायची हिंमत याच गिब्सनने दाखवली होती. 'फादर स्टू'मध्ये (2022) हेच वॉलबर्ग आणि गिब्सन मुलगा-बाप म्हणून समोरासमोर आले, तेव्हा दोघांमध्ये खरोखर काहीतरी अडकलेलं होतं. इथे वॉलबर्गने त्यासाठी डोकं भादरलं, पण पात्राला त्या टकलापलीकडे काही मिळालं नाही.

तरी शेवटचं उतरणं बघण्यासारखं आहे. विमान चालवता न येणारी बाई, जवळ येणारी धावपट्टी, आणि हसन कितीही बोलला तरी हात तिचेच.

लिहिणाऱ्यांसाठी एक सराव. हसनचा संपर्क होतच नाही असं धरा. हॅरिसला मारेकऱ्याच्या बेड्या काढून त्याला पुन्हा पुढच्या सीटवर बसवावं लागतंय आणि विन्स्टनचा त्याला विरोध आहे. दोन पानांत प्रवेश लिहा. पहिलं वाक्य कोण बोलेल?