क्लास लावण्याआधी विचारायचे प्रश्न

जून उजाडला की पालकांची फोनाफोनी सुरू होते. फी किती? बॅचमध्ये मुलं किती? गेल्या वर्षी किती जण नीटमधून मेडिकलला लागले? कोच एनआयएसचा आहे का? गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना बसवता का? हे विचारायलाच हवं. पण आपलं मूल आठवड्यातले कितीतरी तास ज्यांच्या ताब्यात असणार, त्या माणसांबद्दल आणि त्या जागेबद्दल सहसा कुणी विचारत नाही. ‘सर ओळखीतले आहेत’ किंवा ‘शेजारच्यांचा मुलगा तिथंच जातो’ यावर निर्णय होऊन जातो.

मुलांचं शोषण करणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीतलीच असते. ती आधी घरच्यांचा विश्वास कमावते, मग मुलाचा. त्यामुळे ओळखीचा आधार कच्चा. माणसाचं मन चार भेटींत कळत नाही, पण संस्थेचे नियम अर्ध्या तासात तपासता येतात. आपला जोर तिथं लावावा.

कागद मागा

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचे २०२० चे नियम सांगतात की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायला हवी. त्यात शाळा आणि पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादमीही स्पष्ट नावानिशी आहे. शिकवणारे असोत वा शिपाई, कायम असोत वा कंत्राटी, सगळे यात येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणात आरोपी सफाई कर्मचारी होता, हे विसरू नका. म्हणून ‘सगळ्यांची चारित्र्य पडताळणी झाली आहे का?’ हा प्रश्न बिनधास्त विचारा. घरी येऊन शिकवणाऱ्या शिक्षकाकडेही पडताळणीचं प्रमाणपत्र मागता येतं. त्यासाठी महाराष्ट्र पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करता येतो.

भिंतीवरची प्रमाणपत्रं जवळ जाऊन वाचा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, पूर्ण पदविका अभ्यासक्रम वेगळा आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वेगळा. जाहिरातीत दोन्ही ‘एनआयएस कोच’च होतात. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचं आमिष कुणी दाखवत असेल, तर ती संघटना आणि ती स्पर्धा त्यासाठी ग्राह्य आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या राज्यात गाजलेली आहेत.

अभ्यासाच्या क्लाससाठी केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना हाताशी ठेवा. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली असली, तरी पालकांना तपासणीसाठी ती तयार यादीच आहे: शिकवणारा किमान पदवीधर हवा, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला नसावा, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र हवं. आणि शाळेतलेच शिक्षक ‘माझ्याकडे शिकवणी लाव’ म्हणत असतील, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणीची बंदी केली आहे, हेही ठाऊक असू द्या.

जागा बघा

दुपारी रिकाम्या ऑफिसात जाऊन माहितीपत्रक आणू नका. बॅच चालू असताना, संध्याकाळी सातला जा. जिना किती रुंद आहे, दुसरी वाट आहे का, ती कुलूपबंद तर नाही? सुरतमध्ये २४ मे २०१९ रोजी क्लासच्या इमारतीला आग लागली. मुलांनी जीव वाचवायला वरून उड्या मारल्या; २२ जणांचा जीव गेला. वैयक्तिक शिकवणीच्या खोलीच्या दाराला काच आहे का? स्वच्छतागृह कुठल्या अंधाऱ्या बोळात आहे? पोहण्याच्या तलावावर कपडे बदलायची मुलांची आणि मोठ्यांची जागा वेगळी आहे का, आणि जीवरक्षक पाण्याकडे बघतोय की मोबाइलकडे?

उत्तराचा सूर ऐका

‘एखाद्या दिवशी बसून सराव बघू का?’ असं विचारून पाहा. ‘रोज नको, मुलांचं लक्ष उडतं, पण शनिवारी या, तिथं बाकावर बसा,’ असं म्हणणारा कोच शिस्तीचा आहे. ‘तुमचा विश्वास नसेल तर दुसरीकडे बघा,’ असं जिथं ऐकू येतं, तिथून खरंच दुसरीकडे बघावं, मग भिंतीवर कितीही पदकं असोत.

पुढचे प्रश्नही विचारा. स्पर्धेसाठी बाहेरगावी गेल्यावर मुलं कुणाबरोबर राहतात? मुलींबरोबर महिला व्यवस्थापक असते का? कोच खेळाडूंच्या खोलीत झोपतो का? मेसेज पालक असलेल्या ग्रुपवर येतात की मुलाच्या फोनवर थेट? मुलाला दुखापत झाली तर कोण, कुठे नेणार? तक्रार असेल तर सरांशिवाय दुसऱ्या कुणाकडे जायचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘माझ्याकडेच या’ असं आलं, तर तिथं तक्रारीची सोयच नाही, असं समजा.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी

मेहनत करून घेणारे, चुकल्यावर सुनावणारे सर आणि त्रास देणारे सर यांतला फरक ओळखा. रात्री उशिरा येणारे खासगी मेसेज, ‘घरी सांगू नकोस’ म्हणून दिलेली भेट, सगळे गेल्यावर एकट्यालाच थांबवणं, शिकवण्याच्या नावाखाली नकोसा स्पर्श, सगळ्यांदेखत वजनावरून किंवा जातीवरून टोमणे, मारहाण: यातलं काहीही शिकवण्याचा भाग नाही. ‘टीममधून काढीन’ ही धमकी आली, तर त्याच दिवशी घरी सांगा. मुलग्यांनीही सांगायचं, पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलामुलींना सारखाच लागू आहे.

काही घडलंच तर

मूल सांगत असताना मध्ये बोलू नका, उलटतपासणी घेऊ नका. ‘तू गेलासच कशाला?’ हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. संस्थाचालकांकडे जाऊन आपसात मिटवायलाही जाऊ नका. लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, संस्थेवरही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेतला जातो, पोलीस गणवेशात नसतात, आणि मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

फी भरताना

वर्षाची फी एकदम भरली की सवलत मिळते, पण पालकांचे हातही बांधले जातात. ‘पैसे भरलेत, आता वर्ष काढ’ या एका वाक्याने कित्येक मुलांची तक्रार घरातच दबते. म्हणून निदान पहिले दोन-तीन महिने हप्त्याने भरा, पावती घ्या आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल, ते लेखी घ्या. अभ्यासाच्या क्लासने केंद्राच्या सूचनांनुसार उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायची असते.

मग एखाद्या दिवशी मूल ‘मला तिथं जायचं नाही’ म्हणालं, तर तो आळस आहे, अभ्यासाची भीती आहे की आणखी काही, हे तुम्ही शांतपणे विचारू शकाल. आळस असेल तर समजूत घालता येईल. दुसरं काही असेल, तर त्याच दिवशी तो क्लास बंद करण्याइतकी मोकळीक तुमच्या हातात असेल.