आभासी यंत्र आणि संगणकाचा सूक्ष्मगाभा

शासकीय कचेरी असो, शाळा असो वा सहकारी सोसायटी असो, संगणकाचा प्रवेश आता सर्वत्र झालेला आहे. परंतु जुन्या कामकाजाचे कित्येक प्रोग्रॅम असे असतात की, ते एखाद्या विशिष्ट जुन्या कार्यप्रणालीवरच चालतात. त्या कार्यप्रणालीची देखभाल तिच्या निर्मात्यांनी थांबविलेली असते. तथापि तिच्यावर साठविलेले हिशेब व नोंदी टाकून देता येत नाहीत. जुने चालू तर राहावे, पण त्याच्या दोषांची बाधा नव्याला होऊ नये, असा पेच मग उभा राहतो. या पेचावरील एक उपाय म्हणजे आभासी यंत्र. तो उपाय कितपत भरवशाचा, हे मात्र ते यंत्र कोणत्या पायावर उभे केले आहे यावर ठरते. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात झालेल्या एका प्रत्यक्ष कार्याच्या आधारे हा विषय समजावून देण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आभासी यंत्र म्हणजे काय?

संगणकातील सर्व प्रोग्रॅमांवर देखरेख करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमास कार्यप्रणाली अथवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. सामान्यतः एका संगणकावर एका वेळी एकच कार्यप्रणाली चालते. आभासी यंत्राचा प्रोग्रॅम दुसऱ्या एका कार्यप्रणालीसमोर असा देखावा उभा करतो की, प्रोसेसर, स्मृती, डिस्क व पडदा असलेला एक संपूर्ण संगणक जणू तिच्या स्वाधीन आहे. मूळ कार्यप्रणाली ही यजमान व आत चालणारी ही पाहुणी. या पाहुणीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅमाला आपण पर्यवेक्षक म्हणू.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात तिचा पाठपुरावा केला व १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. कोणत्या प्रोसेसरवर आभासी यंत्र नीट चालू शकेल याच्या अटी पोपेक व गोल्डबर्ग या अभ्यासकांनी १९७४ मध्ये मांडल्या. नेहमीच्या वापरातील प्रोसेसरांत मात्र यासाठी खास सोय इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये केली.

मोठा गाभा आणि लहान गाभा

कार्यप्रणालीच्या अंतर्भागास कर्नल, म्हणजेच गाभा म्हणतात. गाभ्याला प्रोसेसरवर व स्मृतीवर पूर्ण अधिकार असतो. प्रचलित प्रणालींत डिस्क, नेटवर्क, पडदा अशा उपकरणांचे चालक प्रोग्रॅमही बहुतांशी गाभ्यातच असतात. लिनक्सच्या गाभ्याचा समग्र मूळ मजकूर दोन कोटी ओळींहून अधिक आहे. एका यंत्रावर तो सगळा वापरात येत नाही, हे खरे. तरीही जेवढा येतो त्यातील प्रत्येक ओळीवर विश्वास ठेवावाच लागतो, कारण तेथील एक चूक सर्व अधिकार परक्याच्या हाती देऊ शकते.

कोषागाराच्या व्यवहाराशी परिचित असलेल्यांना यातील धोका सांगावयास नको. देयक तयार करणारा एक, ते मंजूर करणारा दुसरा आणि रक्कम देणारा तिसरा, अशी व्यवस्था आपण का ठेवतो? ती माणसांवरील अविश्वासापोटी नव्हे. एकाची चूक सर्वांच्या माथी येऊ नये, हा तिचा हेतू असतो. सूक्ष्मगाभा अथवा मायक्रोकर्नल हे याच तत्त्वाचे संगणकीय रूप होय. स्मृतीची विभागणी, प्रोसेसरच्या वेळेची वाटणी आणि प्रोग्रॅमांमधील निरोपांची देवाणघेवाण, एवढीच कामे गाभ्याकडे राहतात. उपकरणांचे चालक, फायलींची व्यवस्था इत्यादी सर्व काही गाभ्याबाहेर, स्वतंत्र व अधिकारमर्यादित प्रोग्रॅमांकडे सोपविले जाते.

या विचारावर प्रारंभीचा आक्षेप मंदगतीचा होता. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८५ पासून विकसित झालेल्या माख या गाभ्यावरील प्रणाली संथ ठरल्या. निरोप पोहोचविण्यातच फार वेळ जाई. जर्मन संशोधक योखेन लीटके यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, दोष कल्पनेचा नसून बांधणीचा आहे. त्यांच्या एल४ या गाभ्यावर लिनक्स चालवून ड्रेस्डेन येथे मोजमाप झाले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत कमाल कार्यक्षमतेतील घट सुमारे ५ टक्के आढळली. पुढे २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एसईएल४ या सुमारे ८,७०० ओळींच्या गाभ्याचे वर्तन त्याच्या विनिर्देशानुसारच होते, हे गणिती पद्धतीने सिद्ध केले. कोट्यवधी ओळींच्या मजकुराबाबत अशी तपासणी आवाक्याबाहेरची आहे.

रूपांतरातील मुख्य अडचण

व्हर्च्युअलबॉक्स हा आभासी यंत्राचा एक प्रसिद्ध प्रोग्रॅम. इनोटेक या जर्मन कंपनीने तो तयार केला. २००७ मध्ये त्याचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला झाला. पुढे ही कंपनी २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सकडे व २०१० मध्ये सनबरोबर ओरॅकलकडे गेली. हा प्रोग्रॅम सूक्ष्मगाभ्यावर चालविण्याचे काम ड्रेस्डेन येथील जेनोड लॅब्ज या संस्थेने हाती घेतले. जेनोड ही अनेक लहान घटकांतून कार्यप्रणाली उभारण्याची एक चौकट आहे. या कामासाठी निवडलेला नोव्हा हा सूक्ष्मगाभाही ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात घडलेला. त्याच्या निर्मात्यांनी २०१० मध्ये सादर केलेल्या माहितीनुसार तो सुमारे ९,००० ओळींचा होता. व्हर्च्युअलबॉक्सचे पहिले प्रायोगिक रूपांतर २०१४ च्या फेब्रुवारीत जेनोडच्या आवृत्तीसोबत प्रसिद्ध झाले.

अडचण अशी की, व्हर्च्युअलबॉक्सचे दोन भाग असतात. एक भाग साध्या प्रोग्रॅमाप्रमाणे चालतो. दुसरा यजमान प्रणालीच्या गाभ्यात शिरून बसतो. पाहुणीला प्रोसेसर देणे व परत घेणे हे या दुसऱ्या भागाचे काम. सूक्ष्मगाभ्यात मात्र परक्या मजकुराला प्रवेश नाही. तसा तो दिला, तर गाभा लहान ठेवण्याचा हेतूच नष्ट होईल. म्हणून या आतल्या भागाची प्रत्येक जबाबदारी तपासून, तिच्यासाठी नेमका कोणता अधिकार लागतो हे ठरवावे लागले.

अधिकारांची नवी वाटणी

पहिली जबाबदारी प्रोसेसरची. नोव्हा गाभा स्वतःच आभासी प्रोसेसरची सोय देतो. पाहुणीने देखरेखीची गरज असलेली एखादी कृती केली की, गाभा तिला थांबवितो व तिच्या स्थितीची आवश्यक तेवढीच माहिती निरोपाद्वारे पर्यवेक्षकाकडे पाठवितो. पर्यवेक्षक निर्णय घेऊन उत्तर देतो आणि पाहुणी पुढे चालू लागते. गाभ्याच्या निरोपातील मांडणी व व्हर्च्युअलबॉक्सची अंतर्गत मांडणी भिन्न असल्याने, दर खेपेस एकीचे दुसरीत भाषांतर करावे लागते. पाहुणी अशी वारंवार थांबत असल्यामुळे हे भाषांतर अचूक व जलद असणे आवश्यक ठरते.

दुसरी जबाबदारी स्मृतीची. जेनोडमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या पालक प्रोग्रॅमाकडून स्मृतीचा ठराविक वाटा मिळतो, जसे एखाद्या खात्याला मंजूर अनुदान मिळावे. पर्यवेक्षक आपल्या वाट्यातूनच पाहुणीला स्मृती देऊ शकतो. जे स्वतःजवळ नाही, ते दुसऱ्यास देता येत नाही, हा नियम गाभाच पाळावयास लावतो.

तिसरी जबाबदारी उपकरणांची. खऱ्या डिस्कला, नेटवर्कला वा पडद्याला पर्यवेक्षक हात लावीत नाही. डिस्कचा चालक, नेटवर्कचा चालक व पडद्याची व्यवस्था हे वेगवेगळे प्रोग्रॅम असून, त्यांच्याकडे विनंती करूनच काम होते. ज्या पाहुणीला नेटवर्कची गरज नाही, तिच्या पर्यवेक्षकाला तो दरवाजाच उपलब्ध करून दिला जात नाही.

उरलेले काम तुलनेने सोपे होते. व्हर्च्युअलबॉक्स मुळातच अनेक कार्यप्रणालींवर चालण्यासाठी लिहिलेला असल्याने, यजमानागणिक बदलणाऱ्या बाबी त्यात एका वेगळ्या थरात ठेवलेल्या आहेत. तो थर जेनोडशी जुळवून घेता आला.

यातून काय साधले?

याचे महत्त्व २०१५ च्या मे महिन्यातील एका घटनेवरून ध्यानी येते. त्या वेळी ‘व्हेनम’ या नावाने एक दोष उघडकीस आला. फ्लॉपी डिस्क यंत्राची नक्कल करणाऱ्या २००४ पासूनच्या मजकुरात तो दडून होता. फ्लॉपी वापरातून गेली. तिची नक्कल मात्र आत राहिली. या दोषाचा लाभ घेऊन पाहुणीतील दुष्ट प्रोग्रॅमाला पर्यवेक्षकात शिरणे शक्य होते. व्हर्च्युअलबॉक्सलाही त्याची बाधा होती व दुरुस्त आवृत्ती काढावी लागली.

सूक्ष्मगाभ्यावर असा दोष नाहीसा होत नाही, कारण नकलेचा मजकूर तोच असतो. फरक त्याच्या परिणामात पडतो. शिरकाव करणाऱ्याच्या हाती फक्त त्या एका पर्यवेक्षकाचे अधिकार लागतात, म्हणजे ठराविक स्मृती व नेमून दिलेले दरवाजे. शेजारच्या पाहुणीला वेगळा पर्यवेक्षक असल्याने ती अबाधित राहते. आपल्याकडील खाजन शेतीत बाहेरचा बांध फुटला तरी आतील बांध खारे पाणी अडवून धरतात व सगळे शेत एकदम बुडत नाही, तसाच हा प्रकार होय.

मर्यादांचे भान

तथापि या पद्धतीविषयी अवास्तव अपेक्षा बाळगू नये. पाहुणी प्रणालीत शिरलेला विषाणू पाहुणीतील नोंदी नष्ट करू शकतो. त्यावर उपाय नेहमीचाच, म्हणजे नियमितपणे काढून वेगळ्या जागी ठेवलेली प्रत. दुसरे, काही उपकरणे प्रोसेसरला वगळून थेट स्मृतीत लिहू शकतात. त्यांना आवर घालणारी सोय यंत्रातच असावी लागते. तिसरे, २०१८ मध्ये उजेडात आलेल्या मेल्टडाउन व स्पेक्टर या दोषांनी दाखवून दिले की, खुद्द प्रोसेसरमधूनही माहिती झिरपू शकते.

आपल्यासाठी बोध

ग्रामस्थांच्या जमिनीच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे निकाल व कर्मचाऱ्यांचे वेतन आज संगणकाच्या भरवशावर आहे. ‘आमची प्रणाली सुरक्षित आहे’ असे कोणी सांगितल्यास अधिकाऱ्यांनी तीन साधे प्रश्न अवश्य विचारावेत. कोणत्या भागावर पूर्ण विश्वास ठेवावा लागतो? तो भाग तपासून पाहता येईल इतका लहान आहे काय? आणि एक भाग बिघडल्यास इतरांचे काय होईल? शिक्षकांनीही हे प्रश्न वर्गात चर्चेस घ्यावेत. त्यासाठी शाळेत संगणक असलाच पाहिजे असे नाही. ज्याला ज्या कामासाठी जेवढा अधिकार लागतो, तेवढाच द्यावा, हा नियम कचेरीइतकाच संगणकालाही लागू आहे, एवढे विद्यार्थ्यांना उमगले तरी या अभ्यासाचे सार्थक होईल.