खंड पडलेल्या शिक्षणाची खतावणी

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात शिकवले जाते की, पान संपले तरी हिशेब संपत नाही. तळाशी बेरीज मांडायची, 'पुढील पानावर नेले' असे लिहायचे आणि नव्या पानाच्या माथ्यावर तीच रक्कम उतरवून घ्यायची. रविवार पेठेतला किराणा दुकानदारही हे बिनचूक करतो. आपल्या विद्यापीठांना मात्र ही साधी गोष्ट सुचायला फार वर्षे लागली.

माझी ताई २०१६ साली बी. कॉम.ची चार सत्रे उत्तीर्ण झाली आणि वडिलांच्या आजारपणात तिने कॉलेज सोडले. ती उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या कचेरीत हिशेब पाहू लागली. २०२३ साली उरलेली दोन सत्रे पुरी करावीत म्हणून ती चौकशीस गेली, तेव्हा अभ्यासक्रमाची कमाल मुदत उलटल्याचे तिला सांगण्यात आले. विद्यापीठाचे नाव येथे नको. नियम बहुतेक ठिकाणी असाच होता. सहा हप्त्यांपैकी चार भरलेले, तरी खाते कोरे! कोणत्या पतसंस्थेने असे केले असते तर सभासदांनी मोर्चा काढला असता.

नोकरदार प्रौढांसाठी पदवीची वाट मोकळी करण्याचा मोठा प्रयोग इंग्लंडात झाला. १९६९ साली तेथील मुक्त विद्यापीठास सनद मिळाली आणि १९७१ साली पहिले विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशाला पूर्वीच्या शिक्षणाची अट नव्हती. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ सालीच पत्रद्वारा शिक्षण सुरू केले होते. परंतु स्वतंत्र मुक्त विद्यापीठ प्रथम १९८२ साली हैदराबादेत निघाले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे 'इग्नू', १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९६ साली म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ स्थापन झाले.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे 'क्रेडिट'. आमच्या शास्त्रात क्रेडिट म्हणजे जमा. (माझ्या कन्नड मित्राच्या वडिलांच्या वहीतही 'जमा' हाच शब्द आहे, हे जाता जाता सांगतो.) एक क्रेडिट म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास, त्यात वाचन, गृहपाठ, उजळणी सारे आले. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे नियम केले. त्यानुसार मिळवलेली क्रेडिट्स विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात आणि साधारणपणे सात वर्षे वापरता येतात. मध्येच थांबलेला विद्यार्थी मागील पानावरून पुढे जाऊ शकतो. ताईची चार सत्रे मात्र या बँकेच्या जन्मापूर्वीची. तिला पहिल्यापासून आरंभ करणे आले.

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट धरली, तर ३,६०० तास होतात. 'इग्नू'त अशी पदवी जास्तीत जास्त सहा वर्षांत पुरी करता येते. रोज दोन तास वाचले तर १,८०० दिवस, म्हणजे पाच वर्षांना थोडे कमी. ऐकायला सोपे वाटते. पण ताईच्या कचेरीचा महिना पाहा. ११ तारखेला जीएसटीचे विक्री-विवरण, १४ला खरेदीच्या कराचा तक्ता पोर्टलवर येतो, तो वहीशी जुळवायचा, २०ला कर भरून विवरण द्यायचे. त्या दहा दिवसांत पुस्तक उघडतच नाही. राहिले वीस दिवस. महिन्याला ४० तास, वर्षाला ४८०. या गतीने साडेसात वर्षे लागतील आणि मुदत तर सहाच! सहा वर्षांत बसवायचे तर महिन्याला ५० तास हवेत, म्हणजे त्या वीस दिवसांत रोज अडीच तास. ताई पहाटे साडेचारला उठते ते या भागाकारामुळे.

कामावर शिकलेले जमेस धरले तर? २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात अनुभवालाही क्रेडिट देण्याची तरतूद आहे. समजा, तिच्या अनुभवाची २० क्रेडिट मान्य झाली. तर ६०० तास, म्हणजे तिचे एक पूर्ण वर्ष वाचते. तरतूद कागदावर आहे. ती लागू करणे संस्थेच्या हाती.

सगळेच अनुभवाने येते असेही मी म्हणणार नाही. ताई यंत्रावरील घसाऱ्याची नोंद संगणकावर डोळे मिटून करते. पण आयकरासाठी घटत्या शिल्लक पद्धतीने आणि कंपनीच्या पुस्तकात कधी सरळ रेषा पद्धतीने घसारा का काढतात, हे तिला पुस्तकानेच सांगितले. उलट मला दोन्ही पद्धतींची उदाहरणे तोंडपाठ, पण खरे ई-वे बिल मी तिच्या कचेरीत प्रथम पाहिले. आम्हां दोघांत कोणाचे शिक्षण अपुरे, हे ठरवणे कठीण आहे.

आपल्या सीमाभागातील अडचण निराळीच. नाशिकच्या विद्यापीठात मराठीतून पदवी घेता येते. पण राज्य मुक्त विद्यापीठाचे कार्यक्षेत्र राज्यापुरते. शिनोळीत केंद्र निघू शकेल, बेळगावात नाही. म्हैसूरला माध्यम कन्नड वा इंग्रजी, 'इग्नू'त मुख्यतः इंग्रजी वा हिंदी. मला कन्नड येते, कारण गल्लीत खेळताना शिकलो. चाळिशीच्या मराठी माध्यमाच्या कामगाराने काय करावे? ऑनलाइन पदवीला राज्याची सीमा आड येत नाही. तेथे मराठी अभ्यासक्रम वाढावेत, असे मला वाटते.

प्रवेश घेणाऱ्याने मान्यता मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी. म्हैसूरच्या विद्यापीठाची मान्यता २०१३-१४ पासून काही वर्षे नव्हती. ती २०१८ साली परत मिळाली. मधल्या काळात विद्यार्थ्यांचे हाल झाले. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे आयोगाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. तरी 'बाहेरून केले का?' असे नाक मुरडून विचारणारे भेटतातच. असो.

ताईने जुलैच्या सत्रात 'इग्नू'त प्रवेश घेतला. तीस टक्के गुण गृहपाठाचे, सत्तर परीक्षेचे. गृहपाठ इंग्रजीत लिहिताना ती दर दोन ओळींनी मला हाक मारते. परीक्षा डिसेंबरात आहे. पेपर २० तारखेनंतरचे लागावेत, एवढाच सध्या आमच्या घरी चर्चेचा विषय आहे.